सातव्या मजल्यावरची तक्रार

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
नगरपालिकेतून माझ्याकडे एक पत्र येतं,
छापलेलं, दोन्हीकडे नीट समास सोडून:
इमारत क्रमांक चौदा, लिफ्ट पुन्हा
चौथ्या आणि पाचव्याच्या मधे थांबली,
नाणं गिळलं, दार उघडलं नाही.
खाली सही, लामारा बेंदेलियानी,
शाईचं पेन, रागानं कागद फाटेल इतका जोर.

या महिन्यात पत्र आलं नाही.

एकवीस वर्षं मी कुताईसीत लिफ्ट दुरुस्त करतोय.
कुरकुरणारं काही अचानक गप्प झालं
की माझ्या पोटात गोळा येतो.
खिशात दहा टेट्रीचं नाणं होतं, पण लिफ्ट बंद होती,
हे कुणाला सांगू नका,
सात मजले चढून गेलो.

बाई ठणठणीत. दार उघडून म्हणाल्या,
"बरं झालं आलात. याचंही तुमच्या लिफ्टसारखंच झालंय.
वर निघतो, आणि अर्ध्यातून परत खाली."

टेबलाखाली कॉम्प्युटर.
पंखा घरघरला, एक बारीक टूं,
कंपनीचं चिन्ह, खाली गोल फिरणारे ठिपके,
मग काळं.
मग पुन्हा पंखा.
मी घड्याळ लावलं. सात सेकंद. मग बारा. मग चार.
वेळ पाळणारा बिघाड शहाणा असतो,
हा लहरी होता.

कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही.
एवढं कळतं की एका वेळी एकच गोष्ट काढायची
आणि कान देऊन थांबायचं.
प्रिंटर काढला. तसंच.
बाईंनी कधीच न वापरलेला कॅमेरा काढला. तसंच.
खोका उघडला, आत इतकी धूळ
की तिचा मोजा विणता आला असता.
मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात
खोडरबरानं घासले, परत बसवली, खट्ट.
तसंच.
पॉवर सप्लाय हुंगला, जळका वास नाही.
तळाशी नाण्यासारखी चपटी बॅटरी दिसली,
सवयीनं वाटलं, नाणंच अडकलंय,
तीही काढली, बाहीला पुसली, परत घातली.
तसंच.

तेवढ्यात बाईंनी चहा आणला,
सोबत आलुबुखाराचा मुरंबा, बशीतून ओघळलेला,
आणि त्याच चिकट बोटानं वाकून
समोरचं छोटं बटण दाबलं.
एकदा, दोनदा, पाच वेळा.
"असं केलं की लवकर उठतो."

मी बशी खाली ठेवली.
हेच बोट. हाच धीर नसलेला अंगठा.
लिफ्टमधलं सातव्या मजल्याचं बटण
या बाईंपायी मी तीनदा बदललंय.
नखानं टोकरून पाहिलं,
बटण मुरंब्यात रुतलेलं, ना आत ना बाहेर,
आणि बिचारा कॉम्प्युटर निमूट हुकूम पाळत होता:
पुन्हा सुरू हो. होतो.
पुन्हा. होतो.

त्या बटणाच्या दोन तारा, एक निळी, एक पांढरी,
चिमट्यानं ओढून सोडवल्या.
एवढंच.
ठिपके फिरले, फिरत राहिले,
पडद्यावर द्राक्षांचा एक मांडव उमटला
आणि बाईंनी हळूच माझ्या बशीत आणखी मुरंबा वाढला.
कारण मी सांगितलं नाही. म्हणालो, धूळ होती.
बटण अजूनही दाबत असतील. दाबू देत.
ते आता कुठेच पोचत नाही.

मंगळवारी पत्र आलं.
तेच समास, तोच चौथा-पाचवा मजला, तोच सहीचा जोर.
फक्त उजव्या कोपऱ्यात तारीख होती
१ जानेवारी २००९.
बॅटरी काढली की कॉम्प्युटर दिवस विसरतो,
आणि तो पुन्हा लावायचं मी विसरलो होतो.

नोंदवही उघडली, आवक क्रमांक टाकला,
पत्र दोनदा वाचलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
सदर दिवशी लिफ्ट चालू होती.