एका दाताचा फरक

मार्गशीर्षात कुणी वायपर दुरुस्तीला आणत नाही.
"पाणी कुठंय, भिया?"
याकूबनं आभाळाकडं हात केला
आणि हसत हसत बॉनेट उचललं.
हेरल्डचं सगळं तोंडच पुढं उघडतं,
तशी ती छावणीतल्या त्या चिंचेखाली
दंतवैद्यापुढं बसावं तशी बसली.

तक्रार इतकीच:
पाती निघतात, अर्ध्या काचेपर्यंत येतात
आणि नेमकी डोळ्यांसमोर थांबतात,
सभेत बोलायला उठलेल्या माणसाचा
पहिलाच शब्द हरवावा तशी.

फ्यूज पाहिला. शाबूत.
स्विचमागच्या तारेला दिवा लावला. पेटला.
मोटारीच्या अंगाला बॅटरीपासून वेगळी तार जोडली,
म्हणाला, जुन्या गाड्यांची अर्धी दुखणी अर्थिंगची.
हे त्या अर्ध्यातलं नव्हतं.
मोटार गरम होत होती, कण्हत होती.
मग त्यानं तिची केबल सोडवली
आणि ती अशी भणभण फिरायला लागली
की खाटेखालचं कुत्रं उठून गेलं.
"ही ठीक आहे. हिला ओझं जड झालंय."

महूच्या एका पारशाकडून सत्त्याऐंशी साली घेतली,
अर्धे पैसे माझे, अर्धे मोरेश्वरचे.
मी चालवायचो. तो डावीकडं, मांडीवर फडकं.
मानपूरच्या घाटात, ऐन श्रावणात,
डावं पातं दमलं की खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर येऊन
तो आपली काच पुसायचा
आणि हात पुरेल तेवढी माझी.
"दिसतंय?" विचारायचा. दर वळणाला.
मला चीड यायची त्या विचारण्याची.

भांडण बॅटरीवरून झालं. साडेसातशे रुपये.
आता आकडा सांगायलाही लाज वाटते,
तरी पावती आहे माझ्याकडं, जपून ठेवलेली.
तो सुदामानगरला राहतो. वीस मिनिटं.

याकूबनं नळीतून केबल ओढली.
ती सापासारखी नाही, जुन्या नाड्यासारखी आली,
अडत, अडत,
आणि तिच्यावरचं ग्रीस चिक्कीसारखं वाळलेलं.
नखानं खरवडून त्यानं मला दाखवलं.
कुणी घातलं असेल हे? म्हटलं, आम्हीच. दोघांनी.
कधी? ते नाही सांगितलं.

रॉकेलचा डबा, टूथब्रश, दुपार.
केबल धुऊन निघाली तेव्हा मी सहज म्हणालो,
डावीकडचं काढूनच टाक ना,
तिकडं कुणी बसत नाही.
याकूबनं मान वर केली नाही.
"टाकतो. पण भोक राहील, भिया.
पावसाळ्यात पाणी आत येईल
आणि उताराला लागून तुमच्याच पायावर पडेल."

राहू दे मग, म्हटलं.

नवं ग्रीस भरलं. दाते बसवले. हात चढवले.
पोरानं टपावर उभं राहून बादली ओतली,
निम्मी माझ्यावर.
पाती उठली, गेली, आली, गेली,
कितीतरी वर्षांनी एकमेकांना न अडखळता.
स्विच बंद केला. उजवं काचेच्या काठाशी झोपलं.
डावं बोटभर वरच राहिलं,
कान टवकारल्यासारखं.
"एका दाताचा फरक आहे.
काढून पुन्हा बसवतो, दोन मिनिटं."
मी पाकीट काढलं. नको म्हटलं. चालतंय.

निघताना त्यानं खिडकीत वाकून बजावलं:
कोरड्या काचेवर चालवू नका, ओरखडे पडतील.

अन्नपूर्णेच्या चौकात सिग्नल लाल.
डावीकडं सुदामानगर.
आभाळात ढगाचा धागा नाही.
मी स्विच ओढला.
खर्रर्र, एकदाच, गेली आणि आली.
शेजारचा स्कूटरवाला वळून बघायला लागला.

काचेवर डाव्या बाजूला
केसाएवढी एक कमान उमटली,
ऊन तिच्यावर येतं तेव्हाच दिसते.
सिग्नल सुटला.
मी उजवीकडं हात दाखवला.
घर तिकडंच आहे.