मठार

गॅलरीतली मुलगी म्हणाली, काका,
कुंदाताईंच्या कारकिर्दीवर शंभर शब्द द्या,
बुधवारपर्यंत.
मी भांड्यांवर नावं घालणारा माणूस.
अक्षरामागे पाच पैसे होते तेव्हापासून.
काना-मात्रा फुकट, जोडाक्षर एकच धरायचं.
अख्खी आयुष्यं बसवलीत मी तांब्याच्या काठावर:
कै., चि., सौ., कडून, स्मरणार्थ, तारीख.
शंभर शब्दांना घंगाळसुद्धा पुरायचं नाही.

तरी लिहितो.
कुंदा रघुनाथ वडके. तांबट आळी, कसबा पेठ.
चित्रकलेचा डिप्लोमा, दुसरा वर्ग.
लग्न नाही. (हे छापू नका.)
फिल्मच्या शाळेत प्रवेश दोनदा नाकारला,
मग लॉ कॉलेज रस्त्यावर कुणाच्या तरी एडिटिंगच्या खोलीत
रोजंदारीवर राहिली, कापलेले तुकडे झाडायला.
संध्याकाळी पिशवीतून तेच घरी:
कुणाचा अर्धा हात, घोड्याचं शेपूट,
बहुतेक नुसतंच काळं.

कॅमेरा तिच्याकडे कधीच नव्हता.
ते काळं ती जोडायची, बाबांच्या खरवईवर पसरायची
आणि माझाच टोचा घेऊन
एकेक चौकट टोचत बसायची.
बाबांनी एकदा उजेडासमोर धरून पाहिलं.
म्हणाले, गळतंय की गं हे.
ती म्हणाली, गळायलाच पाहिजे.

अकरा मिनिटं. पंधरा हजार आठशे चाळीस चौकटी.
तीन वर्षं आणि दोन चष्मे.

सदाशिव पेठेतला हॉल, खुर्च्या चाळीस, माणसं सतरा.
मी मागे, हात धुवायला वेळ झाला नव्हता.
अंधारात पांढरे ठिपके उडत होते, आवाज नाहीच.
पुढचे गृहस्थ म्हणाले, मशीन बिघडलंय का बघा.
त्यांच्या शेजारचे अमूर्त म्हणजे काय ते समजावू लागले.
चौथ्या मिनिटाला माझ्या उजव्या मनगटाला कळलं.
दोन जोरात, एक हलका,
मग भांडं फिरवायला अर्धा दम.
सबंध आळीत असा मठार घालणारा हात एकच होता
आणि तो जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.
शेवटी कुणी विचारलं, ह्याचा अर्थ काय?
ती म्हणाली, घागर.
लोक हसले. मीही हसलो, सगळ्यांबरोबर.

पुरस्कार: एक. परदेशातून.
पत्र जर्मनमध्ये होतं, वाचून घ्यायला
रानडे इन्स्टिट्यूटला गेलो, तर सुट्टी.
वाचून मिळालं तोवर उत्तराची तारीख गेली होती.

पुढे तिनं तांब्याचे पत्रे टोचून
मुठेच्या पात्रात उभे केले,
दुपारचं ऊन पलीकडच्या भिंतीवर सांडायचं.
बाईकवाले थांबून बघायचे. चौथ्या दिवशी पत्रे गेले.
त्यातला एक मी जुन्या बाजारात परत घेतला,
वजनावर.

आता हे ऐका.
सगळी रिळं तिनं बाबांच्या शेवटच्या हंड्यात ठेवली होती.
वर झाकण, झाकणाला कडेनं कणीक.
गेल्या महिन्यात उघडलं तर आंबूस वास माडीभर,
फिल्म आक्रसून वाळल्या पापडासारखी.
ती मुलगी हातमोजे घालून रडली.
मी हंडा उन्हात धरला.
पाण्याचा हंडा, कल्हई नव्हतीच.
आतून हिरवागार,
रीळ जिथं जिथं टेकलं तिथं गोल, गोलात गोल,
मधे बाबांचे ठोके.
तांब्यात आंबट ठेवलं की कळकतं,
हे वडक्यांच्या मुलीला कुणी सांगायला नको.
मग मुद्दाम ठेवली?
की म्हातारपणी विसरली?
मी दोन्ही बाजूंनी विचार केला, झोप गेली.

मुलगी म्हणते, घासू नका हं काका, हेच मांडू.
मी सवयीनं चिंच भिजत घातली होती.
परवापासून वाटीत तशीच आहे.

शंभराच्या वर गेलं असेल.
काना-मात्रा धरू नका.