अकरा खेपा

मुबीननं विचारलं, सर, मग बरोबर कोण होतं?
फळ्यावर मी नुकतंच लिहिलं होतं : हिजरी सन अकरा.
पुस्तकात त्यावर दोनच ओळी. वारस कोण, यावरून सुन्नी आणि शिया.
खिडकीतून कंधारच्या किल्ल्याचा खंदक दिसतो, शेवाळलेला.
खडू बोटांत तसाच राहिला,
आणि कानात रहाट करकरायला लागला.

तिथली गोष्ट थोर, आमची एका किल्लीएवढी. तोबा, तुलना नको.
पण मी नऊ वर्षांचा होतो,
आणि शहाबुद्दीन मुजावर पहाटे गेले.
आतल्या खोलीत त्यांचा जावई कासीमअली
बाह्या वर सारून फळीवर मामूंना गुस्ल देत होता.
आधी बोरीचा पाला उकळलेलं पाणी, मग कापराचं.
पाणी आणायचं काम माझं.
आडाकडून खोलीकडं जाताना मधे चिंचेखालचं छप्पर लागायचं,
आणि छपराखाली माणसं जमली होती.

पहिल्या खेपेला ती रडत होती.
तिसऱ्या खेपेला कुणीतरी म्हणालं, दर्ग्याची किल्ली आता कुणाकडं?
मग आवाज चढले. खालच्या आळीचे म्हणत,
जागा आम्ही दिली, आसरा आम्ही दिला,
एक मुजावर आमचा, एक तुमचा.
वरच्या आळीचे म्हणत, एका म्यानात दोन तलवारी?
सातव्या खेपेला बडेसाब उठले,
मामूंचे जुने सोबती, करडईची अडत, तोलात कधी न मारणारे.
एकानं त्यांच्या हातावर हात ठेवला,
मग दुसऱ्यानं, मग रांगच.
मी चरवी टेकवून बघत राहिलो.
खरं सांगतो, मला बरं वाटलं.
उरूस आठ दिवसांवर होता, कुणीतरी घर धरायलाच हवं होतं.

आत कासीमभाई मामूंच्या उजव्या कुशीवर पाणी सोडत होता,
हळू, जशी झोप मोडायची नाही.
त्यानं विचारलं, बाहेर कसला गलका?
मी म्हणालो, माणसं आलीत.

आणि मला ती दुपारही ठाऊक होती.
तळ्याच्या काठी, भर उन्हात, पुढं गेलेल्यांना माघारी बोलावून
मामूंनी कासीमभाईचा हात वर धरला होता :
मी तुमचा, तसा हा तुमचा.
कुणी ऐकलं, याला जीव लावा.
कुणी ऐकलं, याचं ऐका.
तुमचा. एवढाच शब्द, आणि वारा.

कासीमभाई भांडला नाही.
बडेसाबांच्या जनाज्याला त्यानं खांदाही दिला.
भांडली पुढची पोरं, ज्यांनी दोघांनाही पाहिलं नव्हतं.
आता मोहरमात गल्लीतून दोन सवाऱ्या निघतात.
एक अलाव्याभोवती फिरते, तोवर दुसरी
पंजावर हिरवं फडकं टाकून कोपऱ्यात उभी.
तहानेची गोष्ट निघाली की मात्र
दोन्हीकडच्या बाया एकाच सुरात हुंदके देतात.
मी सरबताचा माठ भरतो. कुठल्या दारी ठेवू, हे दरवर्षी कळत नाही.

मुबीन अजून उभाच आहे.
त्याला सांगावं तर एवढंच, की छपरापासून खोलीपर्यंत
सतरा पावलं होती.
मी ती अकरा वेळा चाललो,
दोन्ही हातांत पाणी,
आणि तोंड उघडलं नाही.