आभारप्रदर्शन

रात्री दहाला ओहायोहून पहिला फोन.
"आई, आमटीला आमसूल नाहीये."
ही म्हणाली, आपल्याकडे तरी कधी होतं?
आपण आमचूर घालतो.

खरंच की.
पणजी गुहागरहून इंदूरला आली,
पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून लागले म्हणून.
गाठोड्यातली आमसुलं पहिल्याच थंडीत संपली.
शेजारच्या मारवाडणीनं पदराआडून
मूठभर आमचूर दिलं.
तेव्हापासून आमची आमटी आमचुराची,
आणि आम्ही ती मूळची समजतो.

"आमचूरही नाही, आई."
मग आहे काय?
हेमांगीनं पडद्यापुढे वाटी धरली:
लाल, टणक, टपोरी,
करवंदांच्या सासरची कुणी असावीत तशी.
क्रॅनबेरी म्हणे. या सणाला लागतेच.
"एक चावून बघ," ही म्हणाली.
तिकडे लेकीचं तोंड आक्रसलं,
इकडे हिचंही.
"चालेल. आठदहा घाल. ठेचून."

सव्वाचारचा गजर.
तिकडे अजून गुरुवारच, संध्याकाळ;
आमच्याकडे सुदामानगरात शुक्रवारचं धुकं,
कुत्रीसुद्धा गप्प.
फोन धरणं माझ्याकडे. माझा हात कमी हलतो.

टेबलाच्या मधोमध पक्षी नाही,
अख्खा फ्लॉवर, भाजून तांबूस झालेला,
वरून आम्ही पाठवलेलं जिरावण.
विजयवाड्याच्या पद्मजाचा पुलिहोरा.
पारीखांच्या घरचं उंधियू, डब्यातलं,
त्याबद्दल पारीख आधीच माफी मागतायत.
गराडू मिळाला नाही म्हणून रताळी तळली.
आणि शेजारची डॉरिस, एकटी, ऐंशीची,
भोपळ्याचा पाय घेऊन आलेली
(पाय म्हणजे काय ते हिला दोनदा सांगावं लागलं).

मग त्यांचा रिवाज:
जेवणाआधी प्रत्येकानं सांगायचं,
आपण कशाबद्दल आभारी आहोत.
निहार म्हणाला, बर्फाबद्दल, शाळेला सुट्टी पडते.
डॉरिस म्हणाली, बेल वाजवल्याबद्दल.
पद्मजाला बोलता येईना, तिनं पाणी प्यायलं.
"आजोबा, आता तुम्ही."

मी?
कॉलनीच्या गणेशोत्सवात एकतीस वर्षं
कार्यक्रमाचा शेवटचा मुद्दा माझाच.
मंडपवाले, माइकवाले, वीज मंडळ,
आणि ज्ञात-अज्ञात हितचिंतक.
तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असायच्या.
पण घरात?
घरात आभार मानले तर माणूस दुखावतं.
पाणी दे, म्हणायचं. दिलेलं प्यायचं.
झालं.

घसा खाकरला. सवयीनं उभा राहिलो.
फोन हिच्या हातात दिला, पडदा थरथरला.
म्हणालो, उपस्थित सर्वांचे,
विशेषतः शेजारच्या डॉरिसबाईंचे,
कारण शेजारणी नसत्या तर
आमच्या घराण्याला आंबट म्हणजे काय ते कळलं नसतं.
(हेमांगी इंग्रजीत सांगत होती. कसं, देव जाणे.)
उंधियूचे. रताळ्यांचे. बर्फाचे.
आणि सरतेशेवटी, जिच्या सहकार्याशिवाय
हा कार्यक्रम गेली सेहेचाळीस वर्षं
पार पडला नसता,
त्या सौभाग्यवती कुमुदिनी—

"अगं बाई!"
ही ओरडली. "हेमा, गूळ!
आमटीत गूळ सांगायचा राहिला!"

तिकडे सगळे थांबले.
चमचे हवेत.
निहारनं एक भुरका मारला, डोळे मिचकावले,
दुसरा मारला.
"इट्स फाइन, आजी."
डॉरिसनं वाटी पुन्हा पुढे केली.

एवढ्यात मोरीत नळ खरखरला,
आधी हवा, मग गढूळ, मग धार.
नर्मदा आली होती, एक दिवसाआड येते तशी,
डोंगर चढून, सत्तर किलोमीटर.
मोटर लावायला उठलो.

"सहकार्य म्हणे," ही मागून पुटपुटली.
फोन तिच्या हातात अजून चालूच होता.
बादली भरेपर्यंत
मी काही वळून पाहिलं नाही.