त्रेचाळीस, माझ्या वहीप्रमाणे

केपें बाजारात माझं खिळ्यामोळ्यांचं दुकान.
गल्ल्याखाली, सुतळीच्या गुंड्याशेजारी,
क्लबची वही: एकोणीस मोसम, एकच हस्ताक्षर.
शाणू वेळीप, सेंटर फॉरवर्ड, नंबर नऊ.
सेकंड डिव्हिजन, मग थर्ड, पुन्हा सेकंड, मग थर्डच.
गोल त्रेचाळीस.
तो म्हणतो चव्वेचाळीस.

डोक्याने अकरा, त्यातले दोन चुकून,
एकदा तर तो बुटाची नाडी बांधून नुसता उठत होता.
उजव्या पायाने बत्तीस.
डाव्या पायाने शून्य.
उजवा गुडघा बाळ्ळीच्या एका म्हातारीने
तेल चोळून चोळून तीन मोसम ओढला,
मग मडगावच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरला
आणि त्यालाच उलट विचारलं, काम काय करतोस?

भात कापलं की तो शेतातच खेळायचा,
सुपारीचे दोन खांब, तिसरा आडवा.
अनवाणी पायांना खुंटं टोचत,
म्हणून बॉल हवेत ठेवायला शिकला.
लोक त्याला शैली म्हणत.

एक मोसम मडगावच्या मोठ्या क्लबातही होता.
नंबर सोळा, कोरी बॅग, हॉटेलातलं मासळीचं ताट.
मैदानात एकूण मिनिटं: अकरा.
मला ठाऊक आहे, मी बसने गेलो होतो
आणि घड्याळ मांडीवर ठेवून बसलो होतो.
परत आला तेव्हा कुणी काही विचारलं नाही.
हाफटाइमला दोन पाव जास्त दिले, भाजी तेवढीच.

पुढे वीज खात्यात लाईनमन लागला.
जन्मभर लाईन्समनने ज्याला बावटा दाखवला
तोच लाईनमन! आम्ही पोट धरून हसलो.
पर्मनंट व्हायला त्याला सहा वर्षं लागली.

तर तो चव्वेचाळिसावा.
आमच्याच मैदानावर, कुशावतीच्या काठी,
शून्य-शून्य, ब्याऐंशीवं मिनिट, ऊन कलतं.
पाठीवर एक बॅक घेऊन तो वळला
आणि मारला. डाव्या पायाने. होय, डाव्या.
बॉल जाळीत गेला, जाळीतून गेला,
काठावर एक टप्पा खाऊन पाण्यात.
रेफरी मागे राहिला होता, धापा टाकत;
त्याने गोलकिकची खूण केली. बाहेरून गेला म्हणे.
पण किक मारायला बॉल कुठे होता?
दुसरा सकाळीच पंक्चर.
एक पोर पोहत गेलं, वळणापर्यंत, हात हलवत परतलं.
मी वहीत लिहिलं: ०–०. सामना अपुरा.
बॉल एक, रुपये साडेतीनशे.

जे लिहिलं नाही ते असं.
सामन्याआधी रेफरीने मला विचारलं, जाळी ठीक?
मी म्हटलं, ठीक.
भोक मी पाहिलं होतं, खालच्या कोपऱ्यात,
सोललेला नारळ जाईल एवढं.
सुतळी खिशात होती.
तेवढ्यात कुणी लिंबूसोडा पुढे केला आणि राहून गेलं.
नंतर सांगितलं असतं तर क्लबला दंड, दोनशे,
आणि खजिनदार मीच.
शाणू रेफरीसमोर हात जोडून उभा होता.
एकदाच वळून त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी पाण्याकडे बघत होतो, बॉल शोधत असल्यासारखा.

परवा दुकानासमोरच्या खांबावर फ्यूज उडाला.
शाणूच आला. पोट सुटलेलं, रिटायर व्हायला दोन वर्षं,
हेल्पर सुटीवर. शिडी मी धरली.
वर पोचून, तोंडातली टेप काढून
त्याने नेहमीचं विचारलं: किती रे माझे?
दर भेटीत विचारतो, दर भेटीत मी तोच आकडा सांगतो
आणि तो शिवी देतो, आणि आम्ही चहा घेतो.

चव्वेचाळीस, मी म्हटलं.

वर पक्कड थांबली.
रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मागोमाग पाववाला.
मग वरूनच, खाली न बघता, म्हणाला:
निसण सारकी धर रे. हालता.