बॅच नंबर

उदगीरचं उपजिल्हा रुग्णालय, दुपारचे तीन.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता खडखडतो.
समोर तीन आशाताई, दोन हेडमास्तर,
हंडरगुळीचे डॉक्टर
आणि डुलक्या घेणारे जमादार भालके.

मी सांगतेय, नवं काय आलंय बाजारात.
झोपेचीच गोळी, पण झोपेसाठी नाही.
जनावरांच्या भुलीचं औषध, माणसांच्या शिरेत.
नावाच्या मागं लागू नका, नाव महिन्याला बदलतं.
बाहुल्या बघा डोळ्यांतल्या.
मागच्या बाकावरचं पोरगं
हसता हसता कधी थांबतं, ते बघा.

कौसरबी हात वर करते,
"मॅडम, बटन म्हणायलेत ह्याला पोरं.
दाबलं की घरातला आवाज बंद."
मी लिहून घेते.
माझ्या जाडजूड पुस्तकात हा शब्द नव्हता.

तेवढ्यात भालके खिसा चाचपतात,
जप्तीतली पट्टी काढतात:
चार गोळ्या, सहा फुटलेली घरं.
हातोहात फिरते ती, हळदीकुंकवाच्या करंड्यासारखी,
उलटून कुणीच बघत नाही.

मी बघते. सवय.
शासकीय पुरवठा. विक्रीसाठी नाही.
खालचे आकडे मला पाठ आहेत,
पोळ्याच्या आदल्या दिवशी
मीच सही करून उतरवला होता तो खोका.

पुढचं वाक्य तयार होतं,
धोका बाहेरून येतो, म्हणून.
ते ओठांपर्यंत येऊन परत जातं.

कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवते,
फळा पुसते, पूर्ण,
आणि लिहिते:
कपाट एक.
किल्ल्या दोन.