नोंदीत घेऊ नका

समितीचा अभ्यासदौरा नाशकात आला
तेव्हा मी दिल्लीहून सोबत होते. लघुलेखक.
म्हणजे खोलीतली एकटी
जिला सगळं ऐकायचं असतं आणि बोलायचं नसतं.

गोल्फ क्लबच्या मैदानाजवळचं विश्रामगृह.
लांब टेबल, हिरवं कापड,
बशीबशीत चिवडा, ज्याला कुणी हात लावला नाही
कारण तो खाताना वाजतो.

विषय पहिला : मित्रराष्ट्रांना लष्करी साहाय्य.
मागण्यांच्या पुस्तकात त्याची एक ओळ आहे.
पुढे आकडा, आकड्यावर फुली,
फुलीखाली बारीक अक्षरात :
तपशील उघड करणे लोकहिताचे नाही.

फुर्तादोबाईंनी एकच प्रश्न तीनदा विचारला,
दर वेळी थोडा हळू :
आपले गोळे तिकडे पोचले. पडले कुठे, हे कुणी पाहिलं?
सहसचिव म्हणाले, अंतिम वापराचं प्रमाणपत्र आलेलं आहे.
कुणी दिलं?
ज्यांनी वापरले, त्यांनी.

लघुलिपीत हे फार सुटसुटीत बसलं.
एक वळण, एक ठिपका.

इथून लॅम रोडने गेलं की देवळाली कॅम्प.
माझे वडील तिथे रेंजवर लस्कर होते.
सराव संपला की गवतातून
पितळी पुंगळ्या वेचायच्या, पुसायच्या, मोजून द्यायच्या.
गेल्या तितक्या परत आल्या पाहिजेत.
एकदा एक कमी भरली.
अख्खी तुकडी उन्हात उभी,
आणि अण्णा कंदील घेऊन रात्री अकरापर्यंत कुसळांत.
सापडली. घरी आले तेव्हा पोटऱ्या सोललेल्या,
आईला म्हणाले, सरकारचं पितळ आहे बाई,
त्याला कुणीतरी विचारणार.

विषय दुसरा : निर्बंध.
पिंपळगावचे भास्कर विधाते, द्राक्षं पाठवणारे,
साक्षीला बोलावलेले, इस्त्रीचा सदरा, फाइल मांडीवर.
माल गेला, खाल्ला गेला, गोड होता असं पत्रही आलं.
पैसे मात्र मधल्या बँकेत सतरा महिने उभे आहेत,
कारण कुठल्याशा तिसऱ्या देशाच्या सभागृहात
हात वर झाले.
अध्यक्ष म्हणाले, आपण तो निर्बंध घातलेला नाही.
विधाते म्हणाले, ते मला कळतं साहेब.
मला एवढंच सांगा,
त्या सभागृहात माझा खासदार कोण?

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.
अध्यक्षांनी चष्मा काढला :
आता मी बोलतो ते नोंदीत घेऊ नका.

मी पेन्सिल उचलली.
पुढची नऊ मिनिटं कागदावर नाहीत.
ती इथेही येणार नाहीत, मी शपथ घेतलेली आहे.
एवढं सांगते, की फुर्तादोबाई खिडकीकडे बघत होत्या
आणि सहसचिवांनी पहिल्यांदाच चिवड्यात बोटं घातली.

तेवढ्यात देवळालीकडून तोफ.
दूरची, दबकी. नाशिककर तिला मोजत नाहीत.
पण कपांनी बश्यांत अंग हलवलं,
अध्यक्षांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं,
आणि माझा हात,
नको सांगितलेलं असताना,
खाली आला. मी कंसात लिहिलं :
(व्यत्यय)

महिन्याभराने मसुदा तपासून परत आला.
अवर सचिवांनी त्या शब्दावर लाल रेघ ओढली होती,
समासात टीप :
यावेळी कामकाज चालू नव्हते. व्यत्यय कुणाचा?

काय उत्तर देणार.
मी पान नीट टंकून दिलं, तो शब्द वगळून.
पण माझ्या वहीत तो आहे,
आणि त्याच्यासमोर, सवयीने,
अण्णांसारखी बारीक रेघ :
एक.
परत आलेली नाही.